प्राणशक्तीचं युनिट काय?

कळंबच्या चिंतामणीला गेलं की हल्ली हमखास ऐकू येतं, "काय एनर्जी आहे इथं!" बाहेर आपलं यवतमाळचं ऊन, आणि पायऱ्या उतरून खाली गेलं की गारवा, शांतता. बरं वाटणारच! पण एनर्जी म्हटलं की आपल्याला ज्यूल आठवतो, आणि घोळ इथंच होतो.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं, प्राणाचं वर्णन आहे. ते साधकाच्या अनुभवाचं. त्याला ज्यूल लावणं चूकच. पण शरीरात जे घडतं ते मोजता येतं. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब चक्क मोजला. तो वातावरणाच्या दाबापेक्षा कमी भरला. त्या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. म्हणजे गुरुभक्तीही राहिली आणि रीडिंगही!

आणि फी घेऊन डोक्यावर हात ठेवत 'एनर्जी ट्रान्सफर' करणारे? त्यांना 'क्वांटम' हा शब्द लागतो, रीडिंग नको असतं. प्राणायाम जरूर करा, मन थाऱ्यावर येतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पण बॅक राहिलेली पोरं घरी न सांगता मेसच्या पैशातून असल्या शिबिरांची फी भरतात, तेव्हा मात्र डोकं फिरतं. त्यात एम-थ्री काही सुटत नाही.