अण्णांची काठी

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, की खेळांशी माझा संबंध फार तर पंचांना नावे ठेवण्यापुरता. त्यामुळे 'दिवाळीला काय लिहिताय?' या प्रश्नाला मी 'पूलच्या काठीचे कातडे' असे उत्तर दिले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतीने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

गेल्या मे महिन्यात न्यू जर्सीला ताईकडे गेलो होतो. अण्णांना, म्हणजे आमच्या मेहुण्यांना, जाऊन दीड वर्ष झाले होते. तळघरात त्यांचे हिरव्या बनातीचे टेबल तसेच होते आणि भिंतीशी एका लांबट पेटीत त्यांची काठी. अण्णा मूळचे पुण्याचे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सने १९५८ साली कलकत्त्याला हौशी बिलियर्डचे जगज्जेतेपद मिळवले, आणि स्नूकर हा खेळ १८७५ साली आपल्या जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मला, या दोन गोष्टी ते प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर देत. स्वतः मात्र अमेरिकेत जाऊन पूल खेळू लागले. दर शुक्रवारी रात्री, नेमाने.

"याला दे ती आता," ताई भाच्याकडे बोट दाखवून मला म्हणाली. "पण आधी नीट साफ करा. किती मळलीय बघ."

पेटी उघडली. स्नूकरची काठी मुठीपाशी उघड्या लाकडाची असते. पूलच्या काठीला मात्र तिथे सुताचे किंवा कातड्याचे वेष्टण असते. अण्णांनी साठीला हौसेने घेतलेल्या या काठीवर दक्षिण अमेरिकेतल्या तेगू नावाच्या सरड्याचे कातडे होते. बारीक बारीक खवल्यांचे, मधाच्या रंगाचे. मला एकदम सिंहगड आणि यशवंती घोरपड आठवली. (ती कथा इतिहासकार मान्य करीत नाहीत, हे मी वर्गातही सांगतो; पण मुलांचे डोळे घोरपडीशीच चमकतात, त्याला काय करणार?) आपल्याकडे घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तिच्या कातड्याचा व्यापार चालत नाही. तेगूचा चालतो, पण परवान्याने.

आता माझा पराक्रम ऐका. कोल्हापुरी चपला मी वर्षानुवर्षे खोबरेल तेलाने मऊ ठेवीत आलो आहे. कातडे ते कातडे! स्वयंपाकघरातून वाटीत थोडे तेल आणले, बोटाने मुठीच्या टोकाला चोळले आणि काठी खिडकीच्या उन्हात ठेवायला निघालो, तोच भाचा जिन्यावरून ओरडला, "मामा, थांबा!"

बोटाएवढा डाग पडला होता. काळसर. तो आजही आहे.

भाचा रागावला नाही, हेच जास्त लागले. त्याने समोर बसवून समजावले. असे कातडे फार पातळ. जादा तेल आत मुरते, रंग काळा पडतो, धूळ चिकटते. पाणी जास्त झाले तर खालचा गोंद सुटतो आणि वाळताना कातडे आकसून बाजूचा सांधा उघडा पडतो. स्पिरिटने मळ निघतो खरा, पण कातड्याची चकाकी आणि त्याचे स्वतःचे तेलही जाते. ऊन, हीटर, मोटारीची डिकी, सगळे वर्ज्य. तिथे लाकूडही वाकते.

मग त्याने काम सुरू केले. आधी कोरडा, अगदी मऊ ब्रश. काठीच्या टोकाला लावायच्या निळ्या खडूची भुकटी खवल्यांच्या फटीत बसते; ओले फडके आधी फिरवले तर तिचा चिखल होऊन ती कायमची मुरते. (हा खडू नावाचाच खडू, त्यात सिलिका आणि कुरुंदासारखी खरखरीत पूड असते. माझ्या फळ्यावरच्या खडूचे उगीच नाव बद्दू.) नंतर घट्ट पिळलेले सुती फडके, हाताला जेमतेम गार लागेल इतकेच ओले. तेही खवले ज्या दिशेला पडले आहेत त्याच दिशेने. उलट फिरवले तर कडा उचलतात. लगेच कोरड्या फडक्याने टिपायचे आणि सावलीत ठेवायचे. पुरते वाळल्यावर सरड्याच्या कातड्यासाठीच मिळणारे बिनरंगी मलम, तांदळाच्या दाण्याएवढे, आधी सांध्याजवळ लावून बघून.

हे सारे मी वहीत उतरवून घेत होतो. फडके निळे झाले, मग करडे, मग तपकिरी. मधाचा रंग वर येऊ लागला. मुठीच्या मध्यावर मात्र चार बोटे रुंदीचा एक गर्द पट्टा राहिला. तिथे अण्णांचा हात असे. घामातले क्षार आणि हाताचे तेल वर्षानुवर्षे मुरून तो झाला होता.

"अजून थोडा निघेल," भाचा म्हणाला. "दोन-तीनदा पुसलं तर."

ताई वरून कधी आली होती कळले नाही. तिने काठी हातात घेतली, पट्ट्यावर स्वतःचा हात ठेवून पाहिला. तिची बोटे त्यात पुरली नाहीत.

"मी मळली म्हणाले, ते खडूचं रे," ती म्हणाली. "हे नको काढू."

भाच्याने फडके घडी करून ठेवले. मलम लावताना तेवढी जागाही त्याने सोडली नाही. ते कातडेही सुकायला नको, म्हणाला. माझ्या डागालाही त्यातले थोडे मिळाले.

रात्री जेवणानंतर त्याने साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि दोन तुकड्यांची ती काठी जोडून टेबलावर वाकला. तो बापापेक्षा चांगला वीतभर उंच. त्याचा हात साहजिकच मुठीच्या मागल्या टोकाला पडला, नेमका माझ्या खोबरेलाच्या डागावर. पट्टा त्याच्या हातापुढे मोकळाच राहिला. पहिला फटका चुकला. ताई पायरीवर बसून बघत होती.

"कोपर," ती म्हणाली. "हे नेहमी सांगायचे, कोपर हलवू नको."