बाजीरावचं पिस्तूल आणि ओंबळ्यांचे हात



गेल्या आठवड्यात नातू सुट्टीला आला होता. इयत्ता सहावी. आल्या आल्या रिमोट ताब्यात घेतला आणि पोलिसांचा एक मारधाडीचा चित्रपट लावला. मी पेपर घेऊन शेजारी बसलो. नायक धडाधड गोळ्या झाडत होता. मास्तरकीची खोड काही जात नाही, मी सहज मोजायला लागलो. एकवीस, बावीस... तेविसाव्या गोळीला न राहवून म्हणालो, "अरे, याच्या पिस्तुलातल्या गोळ्या संपत कशा नाहीत?" पडद्यावरची नजर न काढता नातू म्हणाला, "आबा, तो हीरो आहे!"

उत्तराला दहापैकी दहा. पण माझी तक्रारही नेमकी तीच आहे, आणि आज ती जरा सविस्तर मांडणार आहे. आमच्या काही नातेवाइकांना हे रुचणार नाही. त्यांनी रागवावं, पण शेवटपर्यंत वाचावं.

आधी साधा हिशोब. जुन्या सर्व्हिस रिव्हॉल्व्हरमध्ये सहा काडतुसं बसतात. आपल्याकडच्या ईशापूरच्या कारखान्यात बनणाऱ्या नऊ एमएम पिस्तुलात तेरा. ज्या थ्री नॉट थ्री रायफली आपले पोलीस वर्षानुवर्षं खांद्यावर वागवत आले, त्या पहिल्या महायुद्धात वापरलेल्या जातीच्या. मॅगझीनमध्ये दहा गोळ्या, आणि प्रत्येक गोळीनंतर खटका मागेपुढे ओढायचा. माझा एक विद्यार्थी पोलिसात हवालदार होऊन निवृत्त झाला. तो सांगतो, "सर, उभ्या नोकरीत सरावाच्या मैदानाबाहेर एक गोळी झाडली नाही. आणि सरावाच्या गोळ्यांच्याही पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. एखादी गवतात हरवली की अख्खी तुकडी गवत चिवडत बसायची."

म्हणजे खऱ्या पोलिसाला रिकाम्या पुंगळीचाही हिशोब द्यावा लागतो. पडद्यावरच्या पोलिसाला मेलेल्या माणसाचाही द्यावा लागत नाही. माझं भांडण मारामारीशी नाही, या न दिलेल्या हिशोबाशी आहे.

आपले चित्रपट पहिल्यापासून असे नव्हते. 1975 चा 'दीवार' आठवा. शशी कपूरचा इन्स्पेक्टर रवी पळणाऱ्या एका पोरावर गोळी झाडतो. पायाला लागते. जवळ जाऊन बघतो तर पोराने चोरलेला असतो पाव. मग तो खाण्याच्या वस्तू घेऊन त्या पोराच्या घरी जातो. आई त्याला फैलावर घेते, आणि बाप, म्हणजे ए. के. हंगल, तो निघतो शाळामास्तर! एका गोळीसाठी त्या चित्रपटाने इन्स्पेक्टरला गरिबाच्या दारात खाली मान घालून उभं केलं होतं.

मग 1983 चा 'अर्ध सत्य'. गोविंद निहलानींचा चित्रपट, कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरीचा अनंत वेलणकर शेवटी रामा शेट्टीला मारतो. आमचे सदाशिव अमरापूरकर त्या भूमिकेत असे काही उभे राहिले की माणूस मेला तेव्हा कुणाला वाईट वाटलं नाही. पण वेलणकर त्याला मारतो ते हातांनी, गळा दाबून. आणि नंतर? स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन सांगतो की मी खून केलाय. वर्दीतल्या माणसाने मारलं म्हणून खून हा खूनच राहतो, दुसरं काही होत नाही, एवढं त्या चित्रपटाला ठाऊक होतं.

आता 2011 चा 'सिंघम'. बाजीराव सिंघम आपल्या शिवगडचा, मराठी बाण्याचा. जयकांत शिक्रे हाही रामा शेट्टीसारखाच, गुंडगिरीतून राजकारणात शिरलेला. शेवटी बाजीराव आणि त्याचे सहकारी त्याला पोलीस ठाण्यात आणतात, गोळी घालतात, आणि पत्रकारांना सांगतात की याने पश्चात्तापाने आत्महत्या केली. खाली 'समाप्त'. वेलणकरने कबुली दिली, बाजीरावने बनाव रचला. अठ्ठावीस वर्षांत आपण इथवर आलो, आणि याला आपण प्रगती समजलो.

आता माझी कबुली. त्या शेवटाला थिएटरात टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. सौ. शेजारी होती, ती साक्ष देईल.

पुढे 2018 मध्ये 'सिम्बा' आला. त्यात तर बलात्काराच्या आरोपींना ठाण्यातच गोळ्या घालून स्वसंरक्षणाचा देखावा केला जातो, आणि मदतीला सिंघम येतो. एक वर्षही पुरतं झालं नाही तोच, 6 डिसेंबर 2019 ला हैदराबादजवळ एका तरुण डॉक्टरवरच्या बलात्कार आणि खुनातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आमच्या घरी त्या दिवशी फोनवर फोन. मीही प्रत्येकाला म्हणालो, "बरं झालं, सुटली एकदाची कटकट."

सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. 2022 मध्ये अहवाल बाहेर आला. आयोगाचा निष्कर्ष असा, की पोलिसांनी मारण्याच्याच हेतूने गोळ्या झाडल्या. आणि चौघांपैकी तिघं घटनेच्या वेळी अठरा वर्षांच्या आतले होते.

मंडळी, त्या वयाच्या पोरांना मी जन्मभर शिकवलं आहे. ती पोरं गुन्हेगार होती की नव्हती हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि आता कधीच कळणार नाही. कारण ज्या कोर्टात ते ठरायचं तिथवर कुणी त्यांना जाऊच दिलं नाही. गुन्हेगार असतील तर त्या मुलीच्या आईबापांना शाबीत झालेला गुन्हा ऐकायचा हक्क होता. आणि नसतील तर खरे गुन्हेगार मोकळे आहेत. माझ्या 'बरं झालं'ची किंमत ही एवढी.

तुम्ही म्हणाल, "मास्तर, कोर्टात खटले कुजतात त्याचं काय?" कुजतात. मान्य. पण वर्गात वेळेवर पेपर तपासून होत नाहीत म्हणून कुणी परीक्षेआधीच पोरांना नापास करत नाही. तपासणारे वाढवा म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये चकमकींसाठी सोळा कलमांची नियमावली घालून दिली. तो खटला आपल्या मुंबईतल्याच चकमकींवरून उभा राहिला होता. 1995 ते 1997 या काळातल्या 99 चकमकी, सुमारे 135 मृत्यू. नियम काय? गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याने करावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, झाडलेली शस्त्रं तपासणीसाठी जमा करा, लगेच बढत्या आणि पदकं वाटू नका. म्हणजे पुन्हा तेच, पुंगळीचा हिशोब! 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनीही 'सिंघम'सारखे चित्रपट घातक संदेश देतात असं जाहीरपणे सांगितलं. आमच्या मेव्हण्यांनी त्यावर विनोद पाठवला. मी हसलो नाही, हे पहिल्यांदाच झालं.

आणि ज्याला खरा नायक हवा आहे त्याने 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र आठवावी. सीएसटीवर आपल्या शिपायांच्या हातात होत्या लाठ्या आणि त्या जुन्या रायफली, समोर एके 47. पुढे गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर गाडी अडवली गेली. कसाबचा साथीदार इस्माईल पोलिसांच्या गोळीबारात मेला. गोळी चालवायची वेळ आली तेव्हा ती चाललीच, कुणी कचरलं नाही. पण कसाबसमोर होते साताऱ्याकडच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे. हातात लाठी. त्यांनी बंदुकीची नळीच दोन्ही हातांनी धरली, गोळ्या आपल्या अंगावर घेतल्या, आणि मरेपर्यंत सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत हाती लागला. म्हणून खटला उभा राहिला, कट कुठे शिजला ते जगाला दाखवता आलं. 2010 मध्ये शिक्षा, 2012 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब, नोव्हेंबरमध्ये येरवड्यात फाशी. त्याला वकीलही दिला होता आपण! महाराष्ट्र पोलिसांच्या इतिहासात याहून मोठा पराक्रम मला तरी माहीत नाही, आणि तो करणाऱ्याने एकही गोळी झाडली नव्हती. सरकारने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिलं. आपण टाळ्या मात्र बाजीरावला देतो.

शेवटी एक जुनी गोष्ट. पूर्वी कधी कुणाला सांगितलेली नाही.

माझं शस्त्र होतं छडी. एका वर्षी सहलीचे पैसे हरवले. वर्गातल्या एका मुलावर माझा संशय गेला, कारण त्याचा थोरला भाऊ नावाजलेला होता. मला खात्रीच होती. चौकशी नाही, विचारणं नाही. हातावर आठ छड्या. पोरगं रडलं नाही, त्याने माझी खात्री आणखी वाढली. चार दिवसांनी पैसे सापडले, माझ्याच हजेरीपटाच्या कव्हरमध्ये. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. दारात उभा राहून सगळं सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, "असू द्या सर."

छडीचं एवढं बरं, की चुकली तर समोर 'असू द्या' म्हणायला कुणीतरी उरतं.

नातवाला मी टीव्ही बंद करायला लावला नाही. फक्त चित्रपट संपल्यावर ओंबळ्यांची गोष्ट सांगितली. बराच वेळ गप्प बसून त्याने विचारलं, "आबा, त्यांनी नळी सोडून दिली असती तर?" उत्तर त्यालाच शोधू दिलंय. तुम्हीही शोधा. असो. तुमचं मत जरूर कळवा, भांडलात तरी चालेल.