अंगणातील गाणे आणि शेजाऱ्याचा हक्क

दिवाळी सरून नागपुरात थंडी पडू लागली, की धरमपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर अशा जुन्या वसाहतींतील एखाद्या बंगल्याच्या मागील अंगणात चार-पाच तरुणांनी गिटार, कीबोर्ड जुळवून पंचवीस-तीस आप्तेष्टांपुढे गावे, ही गोष्ट मला सर्वथा अभिनंदनीय वाटते. कारण ज्या नगरीत वसंतराव देशपांडे यांनी शंकरराव सप्रे यांच्यापाशी गाण्याचे धडे गिरवले आणि जिच्या सिव्हिल लाइन्समधील सभागृहाला आज त्यांचे नाव आहे, तेथेही नवोदित कलावंताला पहिला श्रोतृवर्ग भाड्याच्या सभागृहात नव्हे, घराच्या आश्रयानेच लाभणार.

मात्र घरची मैफल म्हणजे कायद्याच्या अंमलाबाहेरची मैफल, हा समज सोडला पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली असून, खासगी जागेतील ध्वनियंत्रणेला आपल्या हद्दीपाशी त्याहून केवळ ५ डेसिबलची मुभा आहे. म्हणजे सायंकाळी कुंपणापाशी ६० डेसिबल, जवळपास दोन माणसांच्या साध्या संभाषणाइतका आवाज. ड्रमचा पूर्ण संच जोमाने वाजवला तर मीटरभर अंतरावर तो १००च्या घरात जातो, आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, हा हिशेब धरला तर ६०वर येण्यास शंभर मीटर लागतील. एवढे अंगण नागपुरात कोणाचे आहे? तेव्हा ड्रमचा संच घरी ठेवून हलक्या हाताने काहोन किंवा ढोलकी वाजवावी, स्पीकर लहान असावा, त्याचे तोंड आपल्याच घराकडे असावे आणि खर्ज उतरवलेला असावा, कारण भिंती ओलांडून शेजारच्या उशीपर्यंत पोहोचतो तो खर्जच.

ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी लागते, रात्री दहानंतर तो उघड्यावर लावता येत नाही, आणि रुग्णालयांची दाटी असलेल्या धंतोली-रामदासपेठेत, जेथे रुग्णालयांभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो, तेथे त्याचा विचारच करू नये.

पण अर्जाच्या कागदाहून मी महत्त्व देतो ते आठवडाभर आधी शेजारी स्वतः जाऊन घरात कोणी आजारी आहे का, कोणाची परीक्षा आहे का, याची आस्थेने चौकशी करण्याला. तेथून हरकत आली तर तारीख बदलावी, हुज्जत घालू नये. लग्नाच्या वरातीतील डीजेला कोणी अडवत नाही, मग आम्हालाच का, ही तक्रार खरी असली तरी तिने आपल्याला कोणताही अधिकार प्राप्त होत नाही. पोलीस खात्यानेही अशा लहान, घरगुती कार्यक्रमांच्या परवानगीसाठी एका पानाचा सुटसुटीत अर्ज आणि ठरावीक मुदतीत उत्तर, एवढी तजवीज करावी, म्हणजे सरळ मार्गाने जाणाऱ्याला हेलपाटे पडणार नाहीत.

ज्यांच्याकडे अंगण आहे, त्यांनी या हिवाळ्यात ते एका संध्याकाळपुरते या मुलांना द्यावे, साडेसहाला गाणे सुरू करावे आणि नऊला आवरावे.