आपली कॅश आपणच मोजायची?

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एकट्याला ती उघडता येत नाही. रोखपालाने मोजलेली रोकड अधिकारी पडताळतो आणि त्या अधिकाऱ्याचे काम तपासायला बाहेरून निरीक्षक येतो. माझ्या नोकरीत हे निरीक्षक न कळवता, शाखा उघडण्यापूर्वीच दारात उभे असत. पोटात गोळा येई. पण ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे कुणी विचारल्याचे आठवत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. आमच्या शिपायाला चोरीच्या संशयावरून रात्री पोलीस ठाण्यात नेले. तिसऱ्या दिवशी सोडले. कागदावर काहीच नोंद नव्हती. मात्र त्याचे पाय चपलेत जात नव्हते. मी वरिष्ठांकडे अर्ज केला. महिन्याभराने तो ‘चौकशीसाठी’ त्याच ठाण्यात येऊन पोहोचला! फौजदार शाखेत आले, चहा घेतला आणि म्हणाले, ‘मॅनेजरसाहेब, कशाला वाढवता?’ संध्याकाळी शिपाईच म्हणाला, ‘साहेब, अर्ज मागं घ्या. मला याच गावात राहायचंय.’ मी मागे घेतला. ती बोच अजून गेलेली नाही.

ही जुनी गोष्ट झाली, असे कुणी म्हणेल. पण 2017 मध्ये सांगलीत कोठडीतला एक तरुण मारहाणीत मरण पावला आणि आरोपी पळून गेल्याचा बनाव करून त्याचे प्रेत आंबोलीच्या घाटात जाळल्याच्या आरोपावरून पोलिसांनाच अटक झाली.

उपाय कुणाला सुचला नाही, असे नाही. प्रकाशसिंह हे स्वतः पोलीस महासंचालक राहिलेले गृहस्थ. निवृत्तीनंतर 1996 मध्ये तेच सर्वोच्च न्यायालयात गेले. 2006 मध्ये निकाल लागला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात आणि जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरणे नेमा, त्यांवर निवृत्त न्यायाधीश बसवा आणि त्यांच्या शिफारशी बंधनकारक माना, असे न्यायालयाने सांगितले. महाराष्ट्राने त्यासाठी कायदा दुरुस्त केला तो 2014 मध्ये. आठ वर्षांनी! आणि आज तरी, वाचकहो, असे प्राधिकरण आहे आणि तिथे अर्ज कसा करायचा, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? ठाण्याच्या भिंतीवर ते ठळक लिहिलेले मी तरी पाहिलेले नाही.

गणपतीत रात्ररात्र उभा राहणारा, मुलांना धड भेटू न शकणारा हवालदार मला दिसतो. त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तपासणी प्रामाणिक माणसाच्या विरुद्ध नसते. कॅश जुळली, अशी निरीक्षकाची सही झाली की सुटकेचा श्वास सर्वांत आधी रोखपालच टाकतो. दुसरी किल्ली नसेल, तर एकाच्या चोरीचा संशय साऱ्या शाखेवर येतो.

दहा रुपये कमी पडले तर बँकेत रोखपालाला संध्याकाळी खिशातून भरावे लागतात. कोठडीत माणूस कमी पडला, तर ते कोण भरणार?