विश्लेषण : ब्रिटनला शिकून तिथंच नोकरी? आता दोन वर्षं नाही, दीडच!

पोराला मास्टर्सला ब्रिटनला पाठवायचं, डिग्री झाली की तो तिथंच नोकरी शोधेल अन् कर्ज फेडेल. हा हिशेब आता गावोगावी मांडला जातोय. पण तो बदललाय.

शिक्षणानंतर काम शोधायला ब्रिटन 'ग्रॅज्युएट व्हिसा' देतं. त्याची मुदत दोन वर्षं होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्याला दीडच वर्ष मिळणार. पीएचडीवाल्यांची तीन वर्षं कायम आहेत. म्हणजे सप्टेंबर २०२६ ला वर्षाच्या कोर्सला जाणारा दीड वर्षातच बसतो.

हा व्हिसा वाढवून मिळत नाही. पुढं राहायचं तर बहुतेकांना 'स्किल्ड वर्कर' व्हिसा देणारी परवानाधारक कंपनी गाठावी लागते. खरी अडचण इथंच आहे. जुलै २०२५ पासून त्याची पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंड झाली. नवख्या पदवीधराला सवलत धरूनही ३३,४०० पौंड. दुकानात, गोदामात राबून घरभाडं निघेल, हा व्हिसा निघणार नाही.

इकडं बँकेचा हप्ता बऱ्याचदा कोर्स संपल्यावर सहा महिने ते वर्षभरात सुरू होतो. नोकरी लागो न लागो, तारण घर आपलंच असतं.

म्हणून एजंटला विचारा : या कोर्सच्या किती मुलांना असा व्हिसा देणारी कंपनी मिळाली? उत्तर गोलमोल आलं, तर सही करायची घाई करू नका.