हरीण भारताचं, बेट अंदमानचं

शिकारीचा विषय निघाला की आपली दोन गटांत वाटणी होते. एका गटाला बंदूक दिसली की पाप दिसतं. दुसऱ्याला बंदी दिसली की आपल्या ताटावर पडलेला सरकारचा हात दिसतो. मांसाहारावरून गेल्या काही वर्षांत वातावरण असं तापवलं गेलंय की आपण मुसलमान आपसूकच दुसऱ्या गटात धरले जातो. पुष्कळदा आपणही तिथं स्वतःहून जाऊन बसतो. मला या दोन्ही गटांशी भांडायचं आहे, आणि त्यासाठी मी अंदमानचं उदाहरण घेतो.

अंदमान म्हटलं की मराठी माणसाला सेल्युलर जेल आठवतं. १९२१ च्या मलबार उठावानंतर तिकडे पाठवलेले मोपला कैदी, आणि त्यांच्या गावाकडची नावं अजून मिरवणारी तिथली कालिकत, मन्नारघाट ही गावं फार कमी जणांना ठाऊक असतात. २०११ च्या जनगणनेत अंदमान-निकोबारची लोकसंख्या ३,८०,५८१ होती, त्यात साडेआठ टक्के मुसलमान. १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून आणलेले कारेन आहेत, फाळणीनंतर वसवलेले पूर्व बंगालचे निर्वासित आहेत. आणि या सगळ्यांच्या हजारो वर्षं आधीपासून तिथं असलेले जारवा, ओंगे, सेंटिनली आणि ग्रेट अंदमानी आहेत.

अंदमानात मुळात हरीण नव्हतं. जमिनीवरचा मोठा म्हणावा असा एकच सस्तन प्राणी होता, तो म्हणजे अंदमानी रानडुक्कर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज साहेबांना शिकारीची हौस भागवायची होती, म्हणून त्यांनी चितळ आणून सोडले. खाणारं जनावर बेटावर नव्हतंच. चितळ पोहण्यात तरबेज, त्यामुळे ते एका बेटावरून दुसऱ्यावर गेले आणि बघता बघता बहुतेक बेटांवर पसरले. १९५० च्या दशकात त्यांना आवर घालायला बिबटे सोडून पाहिले, पण ते टिकले नाहीत. आज रॉस बेटावर पर्यटक माणसाळलेल्या चितळांना खाऊ घालून फोटो काढतात आणि खूश होऊन परततात.

जंगलात मात्र चित्र वेगळं आहे. चितळ कोवळी रोपं खाऊन टाकतात, म्हणून म्हाताऱ्या झाडांच्या जागी नवी उभी राहत नाहीत. झुडपांचा थर गेला की त्यावर जगणारे जीवही जातात. जिथं चितळ जास्त तिथं जंगलाच्या तळाशी राहणाऱ्या सरड्यांची संख्या घटलेली दिसते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं दाखवलं. चितळ आणि सोडून दिलेल्या हत्तींनी अंदमानच्या वनस्पतींचं काय केलं, याचा अभ्यास डॉ. रऊफ अली यांनी त्याच्या कितीतरी आधी मांडला होता. ते सलीम अलींच्याच घराण्यातले. आपल्या मुलांना हे नाव शाळेत कुणी सांगत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात चितळ संरक्षित आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या परिशिष्टात. मुख्य भूमीवर हे अगदी रास्त आहे. ताडोब्यात, पेंचमध्ये वाघ जगतो तो चितळावर. पण तोच नियम समुद्रापार बाराशे किलोमीटर जसाच्या तसा लागू होतो. गंमत पुढेच आहे. २०२२ च्या दुरुस्तीत ‘परका आक्रमक जीव’ ही नवी कल्पना कायद्यात आली आणि त्याची व्याख्या केली गेली: जो मूळचा भारतातला नाही तो. चितळ भारताचा आहे, त्यामुळे अंदमानच्या जंगलाचं त्यानं कितीही वाटोळं केलं तरी कायद्याच्या कागदावर तो तिथं परका ठरू शकत नाही. कायद्यानं देशाची सरहद्द पाहिली, बेटाचा किनारा पाहिला नाही.

पिकांचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली अधिकारी चितळ मारायची परवानगी देऊ शकतात. पण कलम ३९ प्रमाणे मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय ते कुणाला देता येत नाही, विकता येत नाही. ज्या बेटावर बराचसा माल मुख्य भूमीवरून जहाजानं येतो, तिथं दारात चरणारं मांस मात्र गुन्हा! मग व्हायचं तेच होतं. लोक खातात, पण चोरून. फासे लागतात, अंधारात बार निघतात.

आणि फासा हरीण-डुक्कर असा भेद करत नाही. माझा खरा मुद्दा इथून सुरू होतो. रानडुक्कर हे जारव्यांचं अन्न आहे. १९५७ पासून त्यांचं जंगल राखीव आहे, बाहेरच्यानं आत जायला मनाई आहे. तरीही शिकारी आत घुसतात, डुकरं मारून नेतात, बदल्यात कधी तंबाखू, कधी दारू देतात. जारव्याकडे धनुष्यबाण आहे. चोराकडे बंदूक, फासे आणि बाजार आहे. ‘डुकराशी आपल्याला काय देणंघेणं’ असं कुणी भाईजान म्हणतील. डुक्कर आपल्याला हराम आहे, कबूल. पण दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवणं प्रत्येकालाच हराम आहे. हुकूकुल इबादची गोष्ट मशिदीत ऐकायची आणि जारव्यांचा विषय आला की तो आपला नाही म्हणायचं, हे चालणार नाही.

बंदुकीचं काय? १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळायची सोय आहे. म्हणजे एक खातं पीक वाचवायला बंदूक देतं आणि दुसरं खातं पीक खाणाऱ्यावर ती चालवू नको म्हणतं. अशानं परवाना असलेला माणूस भिंतीवर बंदूक टांगून बसतो आणि बिनपरवान्याचा रानात जातो. बंदुका वाढवा असं मी मुळीच म्हणत नाही. जी बंदूक चालते तिचा, आणि तिच्या प्रत्येक गोळीचा हिशेब असावा, एवढंच म्हणतो.

हेच चितळ आणखी एका उष्ण कटिबंधातल्या बेटसमूहावर पोहोचले आहेत. १८६८ मध्ये हवाईचा राजा कामेहामेहा पाचवा याला ते भेट म्हणून आले आणि मोलोकाई बेटावर सोडले गेले. तिथंही खाणारं कुणी नव्हतं, तिथंही जंगल झोडपलं गेलं. २०२१ च्या सुरुवातीला दुष्काळात चारा संपून हरणं तडफडून मेली आणि गव्हर्नरला आणीबाणी जाहीर करावी लागली. पण तिथं प्रत्येक बंदुकीची पोलिसांकडे नोंद होते. शिकारीच्या परवान्याआधी शिक्षण घ्यावं लागतं. माउई बेटावर तर सरकारी मांस-निरीक्षकाच्या देखरेखीखाली रात्री हरणं टिपून मांस बाजारात जातं. प्रश्न तिथंही संपलेला नाही. पण तिथं हरीण खाणारा चोर ठरत नाही, आणि मांसाची नोंद राहते.

यावर प्राणिमित्र म्हणतील, एकदा दार उघडलं की सगळंच मारलं जाईल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच कलम ६२ वापरून चितळाला ‘उपद्रवी’ जाहीर करायला माझा विरोध आहे. तसं केलं तर संरक्षण पूर्ण उठतं आणि जो येईल तो मारतो. मला हवा आहे तो ठरावीक बेटांपुरता, ठरावीक संख्येचा, वनखात्याच्या प्रशिक्षित पथकांचा कार्यक्रम. मारलेल्या जनावराचं मांस तपासून स्थानिकांना रास्त भावात मिळावं. गोळीनं मेलेल्या जनावराबाबत उलेमांत मतभेद आहेत. जिथं हरणं आवारात घेरून पकडता येतील तिथं जबाह करून तोही प्रश्न सुटतो. आणि जारव्यांच्या राखीव जंगलात यातलं काहीही नको. तिथं सरकारनं फक्त चोर अडवावेत.

बेटांसाठी वेगळा नियम ही काही नवी मागणी नाही. याच कायद्याचं कलम ६५ निकोबारच्या जमातींना १९६७ च्या अधिसूचनेनं मिळालेले शिकारीचे हक्क अबाधित ठेवतं. निकोबारसाठी शहाणपण सुचतं, मग अंदमानसाठी का नाही?

आपल्या लोकांनाही दोन शब्द. शिकार हलाल आहे म्हणजे सरसकट मोकळी आहे असं नव्हे. जिवंत प्राण्याला नुसतं नेमबाजीचं निशाण करायला पैगंबरांनी मनाई केली आहे. मक्केच्या हरमच्या हद्दीत शिकार मना आहे, हद्दीबाहेर तोच प्राणी जायज. एहराम बांधला की रानातली शिकार बंद, समुद्रातली चालू. प्राणी तोच, पण जागा आणि वेळ बदलली की हुकूम बदलतो. ही समज आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वी शिकवली गेली, तेव्हा ‘आमच्या खाण्यावर कुणी बोलू नये’ एवढ्यावर आपण थांबू नये.

मुंबईच्या हुमायून अब्दुलालींचा आदर्श आपल्यापुढे आहे. ते स्वतः शिकारी होते, आणि मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यपशू-पक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचाच मोठा वाटा होता. पुढे अंदमान-निकोबारच्या पक्ष्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. बंदूक केव्हा उचलायची आणि केव्हा खाली ठेवायची, हे त्यांना कळत होतं. अंदमानात आज ती चितळासाठी हिशेबानं उचलावी लागेल, आणि जारव्यांच्या जंगलाबाहेर खाली ठेवावी लागेल.