तीच मोटार, तीच तक्रार

नवी मोटार घरी आणताना चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडण्याची चाल आपल्याकडे आहे. जिच्यात मुळातच खोट आहे आणि जी कितीदा दुरुस्त केली तरी पुन्हा पहिल्याच दुखण्यावर येते, अशा मोटारीला अमेरिकेत ‘लेमन’, म्हणजे लिंबूच, म्हणतात. योगायोग मोठा गमतीचा आहे; परंतु साम्य येथेच संपते. तेथे अशा मोटारीच्या मालकासाठी स्वतंत्र कायदा आहे. येथे त्याच्या हाती बहुधा चाकाखालचे लिंबूच उरते.

नव्या मोटारीत दोष निघणे ही काही अघटित घटना नव्हे. हजारो सुट्या भागांचे यंत्र केव्हातरी बिघडणारच, आणि ते एकदा बिघडून नीट झाले तर कोणी समंजस मालक कुरकुर करीत नाही. प्रश्न उद्भवतो तो तोच दोष चौथ्यांदा, सहाव्यांदा डोके वर काढतो तेव्हा. पहिल्या खेपेस अधिकृत विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये मोठ्या अगत्याने स्वागत होते. ‘चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी धक्के देते’ असे ग्राहकाने सांगितलेले असते. जॉब कार्डावर मात्र ‘जनरल चेकअप’ एवढीच नोंद होते. संध्याकाळी मोटार धुऊन-पुसून परत मिळते आणि दोष आढळला नाही असे सांगितले जाते. दुसऱ्या खेपेस ‘सॉफ्टवेअर अपडेट’ होतो. तिसऱ्या खेपेस एखादा भाग बदलला जातो, चौथ्या खेपेस दुसरा. पाचव्या खेपेस ‘या मॉडेलमध्ये हे नॉर्मलच आहे’ असा निर्वाळा मिळतो, आणि त्यावरही ग्राहक अडून बसलाच तर कंपनीचा इंजिनिअर येणार असल्याचे आश्वासन त्याच्या पदरी पडते. हा इंजिनिअर येईपर्यंत वॉरंटीची मुदत संपत आलेली असते.

या साऱ्याला केवळ कारागिरांची अकुशलता कारणीभूत आहे असे मानणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. आजच्या मोटारीत इंजिनापासून खिडकीच्या काचेपर्यंत बहुतेक सर्व गोष्टी संगणकाच्या ताब्यात गेल्या आहेत. तपासणीचे यंत्र जोडले की दोषाचा सांकेतिक क्रमांक दिसतो खरा. पण तो क्रमांक बिघाड कोणत्या मंडलात आहे एवढेच सांगतो. त्यामागे सेन्सर आहे, सैल जोड आहे की कुरतडलेली वायर, हे माणसानेच हुडकून काढावे लागते. अधूनमधून उपटणारा दोष तर वर्कशॉपच्या अंगणात दिसतच नाही. तो पकडायचा तर मोटार दोन-दोन दिवस ग्राहकाप्रमाणेच चालवून पाहावी लागते.

आणि नेमके हेच काम कोणाच्याही फायद्याचे नसते. वॉरंटीखालील दुरुस्तीची मजुरी कंपनी विक्रेत्याला साधारणतः ठरावीक तासांच्या हिशेबाने देते. क्लच बदलण्यास अमुक तास, पंप बदलण्यास तमुक. दोष शोधण्यात गेलेल्या वेळेला त्या हिशेबात फारशी जागा नसते. काढलेला भाग कंपनी परत मागवून तपासू शकते, आणि तो निर्दोष निघाला तर विक्रेत्याचा दावा फेटाळला जाण्याची भीती असते. म्हणून शोध घेण्यापेक्षा अंदाजाने भाग बदलणे बरे, आणि भाग बदलण्यापेक्षा ‘नॉर्मल आहे’ म्हणणे अधिक बरे, असे व्यवहारी गणित तयार होते. ग्राहकाचे समाधान मोजण्यासाठी कंपनीचा फोन येतो त्याच्या आदल्या दिवशी ‘पूर्ण मार्क द्या, नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह कापला जातो’ अशी विनवणी करणारा सर्व्हिस अॅडव्हायझर हाही या गणितात अडकलेलाच माणूस आहे. त्याच्यावर आवाज चढवून काही निष्पन्न होत नाही. दुरुस्ती न होण्याची किंमत विक्रेता मोजत नाही, उत्पादकही मोजत नाही. ती एकटा मालक मोजतो, आणि जोवर असे आहे तोवर मोटार पुनःपुन्हा वर्कशॉपच्या दारी येतच राहणार.

याचे बोलके उदाहरण डिझेल मोटारींच्या धूरगाळणीचे आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज ६’ हे प्रदूषणमानक लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी बसली. प्रदूषणाच्या दृष्टीने ती अत्यंत इष्ट आहे, याबद्दल वाद नाही. ही गाळणी भरत आली की आत साठलेली काजळी जाळून टाकावी लागते. त्यासाठी धुराचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढावे लागते, आणि ते चढून टिकण्यासाठी मोटार पंधरा-वीस मिनिटे बऱ्यापैकी वेगाने, न थांबता धावावी लागते. रोज पुण्या-मुंबईहून ये-जा करणाऱ्याला हे काही अवघड नाही. पण घरापासून चार किलोमीटरवरच्या कचेरीत सिग्नलमागून सिग्नल ओलांडत जाणाऱ्याची मोटार तेवढी तापतच नाही. काजळी जाळण्याचे काम अर्धवट सुटते, पुन्हा सुरू होते, पुन्हा सुटते. कित्येक इंजिनांत त्यासाठी सोडलेले जादा डिझेल खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइलची पातळी वाढते. दिवा लागतो. वर्कशॉपमध्ये यंत्र जोडून काजळी जाळली जाते, दिवा विझतो, आणि थोड्याच आठवड्यांत पुन्हा लागतो.

आता हा दोष कोणाचा? मोटार तिच्या रचनेप्रमाणेच वागत आहे, असे कंपनी म्हणते, आणि ते खोटे नाही. मालकाची चालवण्याची पद्धत चुकीची आहे, असे विक्रेता म्हणतो. म्हणजे शहरात राहणे हाच मालकाचा गुन्हा. माहितीपुस्तिकेच्या कुठल्याशा पानावर या गोष्टीचा उल्लेख असतो. परंतु मोटार विकताना ‘रोज किती आणि कुठे चालवणार?’ एवढा साधा प्रश्न किती शोरूममध्ये विचारला गेला? जो दोष विक्रीच्या टेबलावर जन्मला तो वर्कशॉपच्या खड्ड्यात उतरून कसा सापडावा! ग्राहकाला गाळणीसंबंधी सांगितले असते तर त्याने कदाचित पेट्रोलची मोटार घेतली असती. न सांगितल्यामुळे डिझेलची विकली गेली. या प्रकारात सत्याचा अपलाप कोणी केला नाही; ते फक्त कोणी उच्चारले नाही.

ग्राहकाच्या बाजूने कायदा नाही असे मात्र म्हणता येणार नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली, तेव्हा स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागत असे आणि मिळेल ती वस्तू मुकाट्याने घेणे हाच ग्राहकधर्म होता. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा हे अशा चळवळींचेच फलित. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २०२० मध्ये अमलात आला. सदोष वस्तू बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो. अडचण आहे ती दोष सिद्ध करण्याची. कलम ३८ प्रमाणे, तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर वस्तूचा नमुना घेऊन, मोहोरबंद करून, प्रयोगशाळेकडे पाठवायचा. त्याचे शुल्क भरण्यास तक्रारदाराला सांगता येते. गोडेतेलाच्या डब्याला ही पद्धत शोभते. दर मंगळवारी धक्के देणाऱ्या आणि बुधवारी शहाण्यासारखी चालणाऱ्या मोटारीचा नमुना कसा काढायचा? तज्ज्ञाचा अहवाल नाही म्हणून उत्पादनदोष सिद्ध झाला नाही, या कारणास्तव अनेक तक्रारी निकालात निघाल्या आहेत. काही प्रकरणांत आयोगांनी वारंवारच्या जॉब कार्डांनाच पुरावा मानले, हे खरे. पण तो न्यायाधिकाऱ्याच्या विवेकाचा भाग झाला, ग्राहकाच्या हक्काचा नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका मोटारीच्या वादात असे ठरवले की, वॉरंटीने केवळ सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलण्याचे बंधन स्वीकारले असेल, तर सबंध मोटार बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. करारातील शब्दांप्रमाणे पाहता निर्णय समजण्यासारखा आहे. पण तो करार लिहिला कोणी? २०२१ मध्ये गोव्यातील एका ग्राहकाचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. २०११ सालची मोटार म्हणून त्याला २००९ सालची देण्यात आली होती. विक्रेता आणि उत्पादक यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असल्याने, उत्पादकाला माहीत असल्याचे दाखवल्याशिवाय विक्रेत्याच्या कृत्याचा भार त्याच्यावर टाकता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. फलकावर कंपनीचे नाव, कपड्यांवर कंपनीचे चिन्ह, पावतीवर मात्र दुसराच धनी, ही आपल्या मोटारव्यवहाराची रीत ग्राहकाला तेथे कळली.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये जो ‘लेमन कायदा’ केला त्याचे मर्म एका आकड्यात आहे. ठरावीक मुदतीत त्याच दोषासाठी चार वेळा प्रयत्न होऊनही दोष कायम राहिला, किंवा मोटार एकूण ३० दिवस दुरुस्तीत अडकून पडली, की दुरुस्तीची पुरेशी संधी देऊन झाली असे गृहीत धरायचे. त्यानंतर मोटार बदलून देणे किंवा पैसे परत करणे उत्पादकाला भाग पडते. उत्पादकाला हे गृहीत खोडून काढण्याची मुभा आहे, पण खोडण्याचे ओझे त्याच्यावर. दोष नेमका कुठे आहे हे मालकाने दाखवायचे नाही; तो किती वेळा वर्कशॉपमध्ये गेला एवढेच दाखवायचे. अमेरिकेच्या इतर राज्यांनीही असे कायदे केले. सिंगापूरने २०१२ मध्ये वेगळी वाट धरली: सहा महिन्यांच्या आत निघालेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे सामान्यतः मानायचे. चीन (२०१३) आणि दक्षिण कोरिया (२०१९) हेही या मार्गाने गेले. लाखो मोटारी बनवून परदेशी पाठवणाऱ्या भारताने मात्र हा साधा आकडा अद्याप कायद्यात घातलेला नाही.

आपले रस्ते, आपले इंधन, पावसाळ्यात बॉनेटखाली शिरून वायरी कुरतडणारे उंदीर, या सर्वांचे खापर आमच्यावर का, असा उत्पादकांचा आक्षेप असतो. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच गृहीत खोडून काढण्याची संधी त्यांना राहावी. पण मोटारीच्या संगणकात साठलेली माहिती, एकाच मॉडेलच्या तक्रारी देशभर किती आल्या याचा हिशेब, कारखान्यात मागाहून मुकाट बदलेले भाग, हे सारे त्यांच्याच कपाटात असते. ज्याच्याजवळ कागद त्यानेच बोलावे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र कारागिरांना खुली न करण्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. दंडाचा वाद पुढे अपिलांत गेला; कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडून दुसरे मत घेणारा ग्राहक मात्र आजही ‘वॉरंटी जाईल’ या धाकाने बिचकतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष वाहने परत मागवण्याची तरतूद आली खरी, परंतु ती प्रवाशांच्या सुरक्षिततेला वा पर्यावरणाला घातक ठरणाऱ्या दोषांसाठी आहे. गार न होणारा एअर कंडिशनर आणि अडखळणारा गिअरबॉक्स तिच्यात बसत नाहीत.

कर्ज काढून एकच टुरिस्ट टॅक्सी चालवणाऱ्याचे हाल तर याहून मोठे. उपजीविकेसाठी स्वतः वापरलेल्या वाहनाला कायद्याने ग्राहकाचा दर्जा दिला असला, तरी मोटार आठ दिवस वर्कशॉपमध्ये राहिली की त्याचे आठ दिवसांचे उत्पन्न बुडते, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. कंटाळून कोणी मोटार विकली तर दोष नाहीसा होत नाही. तो फक्त पुढच्या, बहुधा अधिक गरीब, मालकाकडे जातो.

आकडा ठरवताना आणखी एक गोष्ट स्पष्ट करावी लागेल. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल व डिझेल मोटारीवरील एकरकमी कर किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक आहे. त्यावर विम्याचा हप्ता, नोंदणीचा खर्च, कर्जाचे व्याज. पैसे परत द्यायचे म्हणजे शोरूममधील किंमतच परत द्यायची की हा सारा खर्चही, हे कायद्यातच लिहिले गेले पाहिजे. कनेक्टिकटच्या कायद्यात ते लिहिलेले आहे, आणि मालकाने केलेल्या वापराबद्दल वाजवी वजावटही तेथे नमूद आहे. तसेच जॉब कार्डावर तक्रार ग्राहकाच्या शब्दांत उतरवणे आणि तिची प्रत त्याच दिवशी त्याच्या हाती देणे बंधनकारक व्हावे. ‘जनरल चेकअप’च्या सहा पावत्या घेऊन आयोगापुढे उभा राहणारा मालक एकच दोष सहादा आला हे सिद्ध करू शकत नाही, मग कायद्यातला आकडा चार असो वा दोन.